महाविद्यालयीन रेडिओ केंद्र : विद्यार्थी तेथे नेमके काय शिकतात?

गणेशखिंडकर (धागाकर्ता)

प्रवेशाच्या हंगामात अनेक महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत ‘आमचे स्वतःचे रेडिओ केंद्र’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते आणि त्याखाली आत्मविश्वास, संभाषणकौशल्य, व्यक्तिमत्त्व विकास हे ठरलेले शब्द येतात. माध्यमशिक्षणाशी माझा बऱ्याच वर्षांचा संबंध आहे आणि मला या शब्दांचा आता कंटाळा आला आहे. हे सारे गुण वक्तृत्व स्पर्धेतूनही मिळू शकतात. त्यासाठी पन्नास वॅटचा प्रक्षेपक विकत घेण्याचे कारण नाही. रेडिओ केंद्रावर मिळणारे आणि वर्गात सहसा न मिळणारे शिक्षण वेगळेच आहे. आपल्याला न ओळखणाऱ्या, आपल्या महाविद्यालयाशी काहीही देणेघेणे नसलेल्या माणसासाठी, ठरलेल्या वेळी, त्याच्या उपयोगाचे काहीतरी तयार करणे ही ती जबाबदारी होय.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उभ्या राहिलेल्या खटल्यात फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. त्या खंडपीठावर न्या. पी. बी. सावंत होते. पुढे २००२ च्या अखेरीस केंद्र सरकारने शिक्षणसंस्थांना स्वतःची केंद्रे चालवू देण्याचे धोरण मंजूर केले आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. २००६ मध्ये हेच धोरण स्वयंसेवी संस्थांनाही खुले करण्यात आले. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’, मुंबई विद्यापीठाचे ‘रेडिओ मस्ट’, बारामतीची ‘वसुंधरा वाहिनी’ ही आपल्याकडची परिचित केंद्रे याच धोरणाची अपत्ये आहेत. यांपैकी कोणत्याही केंद्राला केवळ विद्यार्थ्यांच्या सरावासाठी परवानगी मिळालेली नाही. ही परवानगी सामुदायिक रेडिओची असते. किमान निम्मे कार्यक्रम परिसरातील लोकांच्या सहभागाने स्थानिक पातळीवर तयार झाले पाहिजेत आणि ते शक्यतो स्थानिक भाषेत किंवा बोलीत असावेत, अशी त्यात अपेक्षा आहे.

ही अट विद्यार्थ्याला फाटकाबाहेर काढते आणि माझ्या मते खरे शिक्षण तेथेच सुरू होते. पहिल्या वर्षीचा विद्यार्थी मुलाखतीला निघतो तेव्हा त्याच्याजवळ वहीत लिहिलेले प्रश्न असतात. पलीकडे बसलेली कचरावेचक बाई पहिल्याच उत्तरात अशी एखादी गोष्ट सांगून जाते की पुढचे सगळे प्रश्न निरुपयोगी ठरावेत. अशा वेळी वही मिटून तिच्या बोलण्यामागे जाणारा विद्यार्थी आणि तिचे बोलणे संपताच निमूटपणे दुसरा प्रश्न वाचणारा विद्यार्थी यांतला फरक ध्वनिमुद्रण ऐकताना कोणाच्याही लक्षात येतो. तो स्वतः विद्यार्थ्याच्याही लक्षात येतो, कारण संपादन त्यालाच करायचे असते. स्वतःचेच ‘हो, हो, बरोबर’ कापता कापता, समोरच्याचे बोलणे पूर्ण होऊ द्यावे, हे त्याला न सांगता कळते.

दुसरी गोष्ट लेखनाची. आपले शालेय आणि महाविद्यालयीन मराठी लेखन पूर्णपणे डोळ्यांसाठी असते. ‘उपरोक्त’, ‘खालीलप्रमाणे’, ‘अनुक्रमे’ हे शब्द ऐकणाऱ्याच्या काहीच कामाचे नाहीत, कारण त्याला वर किंवा खाली पाहता येत नाही. पाणीपुरवठा बंद राहणार असल्याची सूचना लिहायला दिली, की विद्यार्थी आधी कारण लिहितो, मग खात्याचे नाव, मग तारीख आणि शेवटी भागांची यादी. वाक्य संपेपर्यंत कोथरूडच्या श्रोत्याला ही सूचना आपल्यासाठी आहे याचा पत्ताच नसतो. भागाचे नाव आधी घ्यावे, वार आणि वेळ नंतर सांगावी आणि शेवटी दोन्ही पुन्हा एकदा सांगावे, हे सोपे वाटते. प्रत्यक्षात ही सवय लागायला सत्र संपत येते. आकड्यांचेही असेच आहे. सहा अंकी संख्या जशीच्या तशी वाचून दाखवणारा विद्यार्थी अचूक असतो, पण ती कोणाच्याही लक्षात राहत नाही. ‘सुमारे दीड लाख’ असे म्हणताना किती अचूकता सोडावी आणि कोठे सोडू नये, हा निर्णय त्याला स्वतःला घ्यावा लागतो. औषधाच्या मात्रेत ‘सुमारे’ चालत नाही.

येथे अनेक सदस्यांनी अशा केंद्रांवर काम केलेले असणार. तांत्रिक, कायदेशीर, व्यवस्थापकीय अशा कोणत्याही बाजूने लिहावे, मात्र आपण प्रत्यक्ष जे शिकलात किंवा शिकताना पाहिलेत त्याबद्दलच लिहावे, ही विनंती.


तरंगलांबी

धाग्याबद्दल आभार. मी अभियांत्रिकीच्या बाजूचा आहे, त्यामुळे स्टुडिओच्या काचेपलीकडच्या खोलीबद्दल लिहितो.

सामुदायिक केंद्राची प्रभावी प्रारित शक्ती, म्हणजे अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या लहरींची ताकद, साधारणपणे १०० वॅटपर्यंत आणि अँटेनाची उंची जमिनीपासून ३० मीटरपर्यंत मर्यादित असते. विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : शक्ती वाढवली तर आवाज किती लांब जाईल? शक्ती दुप्पट केल्याने फक्त तीन डेसिबलचा (डेसिबल हे लहरींच्या तीव्रतेतील फरकाचे माप) म्हणजे किरकोळच लाभ होतो, तर अँटेना योग्य जागी आणि मोकळ्या उंचीवर बसवल्याने पूर्वी अजिबात न मिळणारे भाग पदरात पडतात, हे पुस्तकात वाचलेले असूनही त्यांचा त्यावर विश्वास बसत नाही. पुण्यासारख्या टेकड्यांच्या शहरात तो लवकर बसतो. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यामुळे टेकडीच्या अलीकडे खणखणीत ऐकू येणारे केंद्र पलीकडच्या उतारावर खरखरू लागते. आमच्याकडे विद्यार्थ्यांना दुचाकीवरून रेडिओ घेऊन फिरवत असत आणि आवाज कोठे तुटतो याच्या खुणा नकाशावर करायला लावत. त्या नकाशाने कार्यक्रम विभागाचेही डोळे उघडले, कारण ज्या वस्तीसाठी आरोग्याचा कार्यक्रम तयार होत होता तिचा निम्मा भाग टेकडीच्या सावलीत होता.

त्याच फेरीत आणखी एक बाब लक्षात आली. मोबाइलमधील एफएमला इअरफोनची तारच अँटेना म्हणून लागते आणि कित्येक नव्या मोबाइलमध्ये ही सोय उरलेलीच नाही. आपल्या परिसरात आपले केंद्र कोणत्या उपकरणावर ऐकले जाते, हा प्रश्न तोपर्यंत कोणी विचारलेला नव्हता.

बाकीचे शिक्षण कंटाळवाणे आहे आणि तेच महत्त्वाचे आहे. रोज सकाळी परावर्तित शक्तीचा, म्हणजे अँटेनाकडून प्रक्षेपकाकडे परत फिरणाऱ्या शक्तीचा, आकडा नोंदवहीत लिहायचा. पावसाळ्यात जोडणीत पाणी शिरले की हा आकडा हळूहळू चढू लागतो, आणि नोंद ठेवणाऱ्या मुलीला प्रक्षेपक बंद पडण्याआधीच ते कळते.


निळी शाई

दोन्ही प्रतिसाद वाचले. चित्र फारच आदर्श रंगवले आहे, असे मला नम्रपणे वाटते. मी ज्या महाविद्यालयात शिकलो तेथे केंद्र होते, पण सकाळी भक्तिगीते, दुपारी वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि संध्याकाळी प्राचार्यांच्या भाषणांचे पुनःप्रसारण एवढाच त्याचा संसार होता. पगारी केंद्रप्रमुख आणि एक तंत्रज्ञ सारे काम करीत आणि विद्यार्थी छायाचित्रापुरते हेडफोन लावून बसत. आता तर प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रक आहे. ज्याला बोलायचे आहे त्याने पॉडकास्ट करावा. त्याला सरकारी परवानगी लागत नाही, टेकडी आडवी येत नाही आणि जगभर ऐकू जातो. मग या केंद्रांचे शैक्षणिक प्रयोजन काय उरते?


गणेशखिंडकर

निळी शाई, आपण वर्णन केलेली केंद्रे आहेत, हे मी नाकारत नाही. जेथे विद्यार्थ्याला चुकण्याची मुभा नसते तेथे त्याला काम दिले जात नाही आणि जेथे काम दिले जात नाही तेथे तो काही शिकत नाही. तो दोष केंद्राच्या व्यवस्थापनाचा आहे.

पॉडकास्टचा मुद्दा मात्र गंभीर आहे. पॉडकास्ट ऐकणारा तो स्वतः निवडून ऐकतो. विषय त्याच्या आवडीचा असतो आणि बोलणारा बहुधा त्याच्याच वर्तुळातला. रेडिओवर बटण फिरवताना एखादा रिक्षाचालक किंवा सुरक्षारक्षक मध्येच येऊन थांबतो. त्याला आधीचे काही ठाऊक नसते. म्हणून कार्यक्रमात ठरावीक अंतराने कोण बोलत आहे आणि विषय काय आहे हे सांगावे लागते. मधूनच आलेल्या माणसाला उपरे वाटू नये, यासाठी भाषा बेताची ठेवावी लागते. त्याखेरीज घड्याळ आहे. सहाचा कार्यक्रम सहालाच लागतो, पाहुणा आला नाही तरी आणि निवेदकाला सर्दी झाली तरी. पॉडकास्ट ‘या आठवड्यात जमले नाही’ असे म्हणू शकतो. केंद्राला ही सवलत नाही.

आणखी एक बाब म्हणजे प्रसारित झालेला कार्यक्रम तीन महिने जपून ठेवण्याचे बंधन आहे आणि तो आकाशवाणीच्या कार्यक्रम संहितेच्या चौकटीत बसावा लागतो. धर्म किंवा जमातींवर हल्ला, बदनामी, हिंसेला चिथावणी यांना तेथे थारा नाही. ‘मी गंमत केली होती’ हा बचाव नोंदवहीसमोर टिकत नाही, हे एकविसाव्या वर्षी कळणे चांगले.

बातम्यांबद्दलही लिहायला हवे. सामुदायिक केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुनःप्रसारित करता येतात. ही बंदी मला अनुचित वाटते, कारण वर्तमानपत्राला जे चालते ते गल्लीतल्या केंद्राला का चालू नये, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. पत्रकार होण्याच्या ओढीने आलेले विद्यार्थी यामुळे सुरुवातीला निराश होतात. पण पाणी, वीज, परीक्षांचे निकाल, रोगाची साथ, हवामान यांची माहिती देण्यास मोकळीक आहे. नळाला पाणी का येत नाही यावर राजकीय भाष्य न करता, त्या नळाशी पहाटे रांग लावणाऱ्या बाईचा दिवस अर्ध्या तासात उभा करणे यासाठी जे कौशल्य लागते ते मथळे वाचण्यापेक्षा कमी नाही.


माणगंगा

मी दुष्काळी भागातला वाचक आहे आणि आमच्याकडे म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ हे केंद्र २००८ पासून आहे. ते महाविद्यालयाचे नाही, पण धाग्याच्या विषयाशी त्याचा संबंध आहे, म्हणून लिहितो.

शहरातील महाविद्यालयांचे विद्यार्थी आमच्या भागात अभ्यासदौऱ्यावर येतात तेव्हा त्यांना प्रथम धक्का बसतो तो भाषेचा. केंद्रावर बोलणारी माणसे आपल्या माणदेशी बोलीतच बोलतात आणि त्याबद्दल कोणी संकोच करीत नाही. शहरातील विद्यार्थ्याने मात्र ‘रेडिओचा आवाज’ असा काही वेगळा आवाज असतो, असे गृहीत धरलेले असते. तो आवाज काढताना तो स्वतःचे गाव आणि स्वतःचे बोलणे दोन्ही लपवतो. जनावरांच्या चाऱ्याविषयी, शेळ्यांच्या लसीकरणाविषयी किंवा बचतगटाच्या हिशेबाविषयी बोलताना तो आवाज हास्यास्पद वाटू लागतो आणि आपोआप गळून पडतो.

तिकडे तेलंगणात झहिराबादजवळ माचनूर येथे ऑक्टोबर २००८ पासून ‘संघम रेडिओ’ चालू आहे. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीने उभे केलेले ते केंद्र गावातील दलित स्त्रिया चालवतात. ध्वनिमुद्रण, संपादन, प्रसारण ही सर्व कामे त्याच करतात. माध्यमशास्त्राच्या पदवीशिवाय हे काम उत्तम होते, ही गोष्ट माध्यमशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शक्य तितक्या लवकर कळावी, असे माझे मत आहे. ते ऐकून त्यांना राग आला तरी चालेल.


कलम अडतीस

वकिलीच्या बाजूने एक भर घालतो. केंद्रावर काम करण्यापूर्वी बहुतेक विद्यार्थ्यांच्या लेखी गाणे म्हणजे एक फाइल असते. प्रसारणाचा प्रश्न आला की त्याच गाण्यात निदान तीन हक्क दिसू लागतात : शब्द कवीचे, चाल संगीतकाराची आणि ध्वनिमुद्रण ते काढणाऱ्या कंपनीचे. आपल्या कायद्यानुसार साहित्यकृती आणि संगीतकृती यांचे हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. म्हणजे जुन्या तबकडीचा हक्क संपलेला असतो आणि चालीचा मात्र शिल्लक असतो, असे सर्रास घडते. ‘जुने आहे, लावा’ असे म्हणणाऱ्या सहकाऱ्याला थांबवणे हे विद्यार्थ्याचे पहिले कायदेशीर काम ठरते.

मला याहून महत्त्वाचा वाटतो तो लोकगीतांचा प्रश्न. जात्यावरच्या ओव्या कोणा एकीच्या नाहीत, म्हणून त्या मुद्रित करून कशाही वापराव्यात, असा समज असतो. ओवीवर कोणाचा हक्क नसला तरी ती म्हणणाऱ्या बाईला कलावंत म्हणून तिच्या सादरीकरणावर ५० वर्षे हक्क आहे. तिची संमती घेणे, हे ध्वनिमुद्रण कोठे आणि किती वेळा लागणार हे तिला समजेल अशा शब्दांत सांगणे आणि प्रसारणाची वेळ कळवणे, इतके केले तरी पुष्कळ. मी पाहिलेल्या केंद्रांत संमतिपत्राचा मसुदा विद्यार्थ्यांनीच लिहिला होता, आणि तो इतका बोजड झाला की ज्यांच्यासाठी होता त्यांना वाचून दाखवताच येईना. मग तो त्यांनी तोंडी आणि मुद्रित करण्याजोगा केला : सुरुवातीलाच बाई आपले नाव सांगते आणि ‘हे रेडिओवर लावायला माझी हरकत नाही’ असे स्वतःच्या शब्दांत म्हणते. कागदी नमुन्यापेक्षा हा पुरावा अधिक बोलका आहे.


वास्कोची बोट

माझे शिक्षण पुण्यात झाले आणि सध्या मी गोव्यात बंदराशी संबंधित मालवाहतुकीच्या कामात आहे. निवेदक म्हणून पुढे माझे काहीच झाले नाही. तरीही केंद्रावर शिकलेल्या दोन गोष्टी आजही रोज वापरात आहेत.

पहिली म्हणजे शेवटाकडून वेळ मोजणे. तासाच्या ठोक्याला पुढचा कार्यक्रम लागायचा असेल तर समारोपाची धून किती सेकंदांची, त्याआधीचे निवेदन कितीचे, त्याआधीचे गाणे कितीचे, अशी मागून वजाबाकी करीत यावे लागते आणि गाणे नेमके केव्हा सुरू करायचे ते ठरवावे लागते. जहाज सुटण्याची वेळ, कागदपत्रांची वेळ, ट्रक निघण्याची वेळ यांचे गणित अगदी असेच असते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. महाविद्यालयीन केंद्रात दर वर्षी अनुभवी फळी बाहेर पडते आणि नवखी आत येते. कोणत्याही कार्यालयात एवढे मनुष्यबळ दर जूनमध्ये बदलत नाही. ‘अंतिम’, ‘अंतिम नवे’, ‘अंतिम नक्की’ अशा नावांच्या फाइली मागे ठेवून गेलेल्या वरिष्ठांना आम्ही मनोमन पुष्कळ दूषणे दिली आणि मग तारीख, कार्यक्रम, भाग व मुद्रकाची आद्याक्षरे अशी नाव देण्याची पद्धत ठरवली. कोणता पाहुणा पुन्हा यायला तयार आहे, कोणाला दुपारी दूरध्वनी करू नये, कोणत्या वस्तीत कोणाच्या ओळखीने जावे, याचीही वही ठेवली. आपण नसताना काम चालावे म्हणून काहीतरी लिहून ठेवणे, हे मला पदवीच्या कोणत्याही विषयाने शिकवले नाही.

पैशाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे लिहितो. २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तासाला १२ मिनिटे जाहिराती घेता येतात आणि सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ७४ रुपये आहे. सगळी मिनिटे भरली तर तासाचे ५,३२८ रुपये होतात. माझ्या काळात ती कधीच भरत नसत. शेजारच्या किराणा दुकानदाराकडे जाहिरात मागायला गेल्यावर ‘तुमचे केंद्र ऐकतो कोण?’ हा त्याचा पहिला प्रश्न असे. त्याचे प्रामाणिक उत्तर तयार करण्यासाठी आम्ही प्रथमच श्रोत्यांची पाहणी केली.


निळी शाई

माझा आक्षेप पूर्ण मावळलेला नाही, कारण आपण सर्वांनी चालत्या केंद्रांबद्दल लिहिले आहे आणि नावापुरती केंद्रे तशीच राहतात. पण वास्कोची बोट यांचा फाइलींचा मुद्दा मला पटला. धागाकर्त्यांना एक व्यावहारिक प्रश्न विचारतो : नव्या विद्यार्थ्याला पहिले काम कोणते द्यावे आणि त्याला गुण कशावर द्यावेत? बहुतेक ठिकाणी आवाज चांगला असलेल्यांची निवड होते आणि उरलेले गळतात.


गणेशखिंडकर

आवाजाची चाचणी आम्ही सुरुवातीला घेतच नाही. पहिले काम नोंदवहीचे असते : कोणता कार्यक्रम केव्हा लागला, कोठे शांतता पडली, किती सेकंद पडली. काही आठवडे हे केल्यावर विद्यार्थी कान देऊन ऐकू लागतो. त्यानंतर दुसऱ्याने केलेली कच्ची मुलाखत ऐकून ती शब्दशः उतरवायची. हे काम सर्वांना नकोसे वाटते, पण माणसे वाक्य अर्धे सोडतात, मागे येतात, विषय बदलून मूळ मुद्द्याशी पोहोचतात, हे त्यातून दिसते आणि संहितेत लिहिलेले संवाद पुढे खरे वाटू लागतात. मग मुद्रक घेऊन बाहेर, मग संपादन, आणि थेट प्रसारणासाठी माइक सर्वात शेवटी. या क्रमाने गेले की बसक्या आवाजाचे विद्यार्थीही टिकतात आणि त्यांतले काही उत्कृष्ट संपादक होतात.

गुणांबाबत आमच्या विभागातही एकमत नाही. मी स्वतः जतन केलेल्या तीन महिन्यांच्या कार्यक्रमांतून न सांगता कोणताही एक भाग काढून ऐकतो आणि त्यात महाविद्यालयाबाहेरच्या माणसाचा आवाज किती वेळ आहे व निवेदकाचा किती, हे घड्याळ लावून पाहतो. ज्याची मुलाखत घेतली त्याला प्रसारणाची वेळ कळवली होती का, हे विचारतो. तिसरा निकष सहकाऱ्यांना मान्य नाही, पण मी तो सोडलेला नाही : विद्यार्थ्याने पुढच्या तुकडीसाठी लिहिलेली दोन पानांची टिपणे मी एखाद्या नवख्याच्या हाती देतो आणि तेवढ्यावर त्याला सकाळचे प्रसारण सुरू करायला सांगतो. प्रसारण वेळेवर सुरू झाले तर गुण टिपणे लिहिणाऱ्याला मिळतात.